पाटी किती मोठी असावी?

वकिलाच्या दारावरची पाटी किती मोठी असावी, हे आपल्याकडे नियमात लिहिलेलं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा ३६ क्रमांकाचा नियम वकिलाला जाहिरात करू देत नाही, पक्षकार आणून देणारे दलाल ठेवू देत नाही, आणि पाटी ‘वाजवी’ आकाराचीच हवी असंही बजावतो. पूर्वी आपण न्यायाधीश होतो किंवा महाधिवक्ता होतो, हेही पाटीवर लिहायचं नाही. २००८ साली संकेतस्थळाची मुभा मिळाली, पण तीही नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशा मोजक्या तपशिलांपुरती. डॉक्टरांची २००२ची नियमावली याच सुरातली आहे. दवाखाना उघडला, जागा बदलली, काही दिवस रजेवर आहोत, पुन्हा रुजू झालो, असल्या औपचारिक सूचनाच वर्तमानपत्रातून देता येतात. इतकी तोंडं बांधूनही प्रत्येक शहरात दोन-चार वकील आणि दोन-चार डॉक्टर असे असतातच, की ज्यांचं नाव रिक्षावालासुद्धा सांगतो. याउलट १९९७ साली टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकात लेख लिहून प्रत्येक नोकरदाराला सांगितलं, की तू स्वतःच एक ब्रँड आहेस आणि त्याचा प्रचारप्रमुखही तूच आहेस. आज नोकरी शोधणाऱ्या पोरापासून कीर्तनकारापर्यंत सगळे हा सल्ला पाळताना दिसतात. मग ती वाजवी आकाराची पाटी नेमकी कशाच्या जोरावर चालते? माझं उत्तर असं, की ती साक्षीदारांच्या जोरावर चालते. शांतपणे नाव कमावणारा माणूस प्रसिद्धी टाळत नसतो, तो ती दुसऱ्याच्या तोंडी सोपवतो. आणि म्हणूनच या मार्गात खरा प्रश्न आवाज किती लहान ठेवावा हा नाही, साक्ष कोण देणार हा आहे.

आपल्या भाषेला हे जुनंच ठाऊक आहे. समर्थांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत आत्मस्तुती घातली, पण त्याच समर्थांनी मनाच्या श्लोकांत कीर्ती मागे ठेवून जायला सांगितलं. यात विसंगती नाही. कीर्ती या शब्दाच्या मुळाशीच सांगणं आहे, आणि ते सांगणं दुसऱ्यानं करायचं असतं. आपली पाठ आपण थोपटायला गेलं तर हात अर्ध्यातच अडतो, ही शरीराचीच सोय म्हणायची. जेफ्री फेफर, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच तपासलं. एखाद्या माणसाचं कर्तृत्व त्यानंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला तो कमी आवडतो. तेच शब्द त्याच्या वतीनं दुसऱ्यानं उच्चारले तर जास्त आवडतो. मौज अशी, की तो दुसरा माणूस पैसे घेऊन बोलणारा प्रतिनिधी आहे हे माहीत असूनही फरक उरतो. नम्रतेचा बुरखा घेतलेली बढाई मात्र फसते. ‘एवढा मोठा सन्मान माझ्यासारख्या सामान्याला का मिळाला, कळत नाही’ या थाटाच्या वाक्यांवर सेझर, जिनो आणि नॉर्टन यांनी २०१८ साली जे संशोधन मांडलं, त्यात उघड बढाई मारणारासुद्धा अशा माणसापेक्षा बरा ठरला. म्हणजे आवाज नुसता मऊ केल्यानं काही साधत नाही.

केसरबाई केरकरांचं उदाहरण मला यासाठी महत्त्वाचं वाटतं, की त्यांच्यात नम्रतेचा अंशही शोधावा लागेल. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेनं १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, आणि १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत ती तालीम टिकली. मैफलीचं मानधन त्या ताठ मानेनं ठरवत. आपली गायकी कुणी तबकडीवरून उचलेल या शंकेनं पुढे ध्वनिमुद्रणापासून दूर राहिल्या, शिष्य करण्यातही हात आखडताच ठेवला. आजच्या सल्लागारानं या सगळ्याला आत्मघात म्हटलं असतं. पण मैफलीत बसलेला प्रत्येक जाणकार बाहेर पडताना साक्षीदार होऊन पडत होता, आणि पुन्हा कधी ऐकायला मिळेल याची खात्री नसल्यानं ती साक्ष तो जपून, रंगवून देत होता. आवाज दुर्मीळ ठेवला की ऐकणाऱ्याची आठवण कामाला लागते. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा केसरबाईंच्या भैरवीतल्या ‘जात कहाँ हो’चं नाव सुचवलं ते रॉबर्ट ब्राउन या अमेरिकी संगीत-अभ्यासकानं. बाईंनी अर्ज केला नव्हता. मात्र एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो: बाईंनी तबकड्यांकडे पाठ फिरवली ती काही तबकड्या करून झाल्यावर. नमुना जगात आधीच होता.

जी. ए. कुलकर्णींच्या एकांताची तर मराठीत दंतकथाच झाली. धारवाडला इंग्रजी शिकवायचं, सभा-संमेलनांना जायचं नाही, फोटोत काळा चष्मा. ‘काजळमाया’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद उठला, तेव्हा त्यांनी पुरस्कारच परत करून टाकला. या न दिसण्यातून जी. ए. नावाभोवती जे वलय तयार झालं, ते शंभर व्याख्यानांनी झालं नसतं. पण वलयाकडे पाहताना त्यामागची यंत्रणा नजरेतून सुटते. ‘सत्यकथा’ हे मासिक होतं, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे डोळ्यांत तेल घालून वाचणारे संपादक होते, पुस्तक सुबक काढणारे प्रकाशक होते, आणि ‘सत्यकथे’त कथा आली म्हणजे ती वाचलीच पाहिजे असं मानणारा वाचक होता. जी. एं.ना बोलावं लागलं नाही, कारण त्यांच्या वतीनं एक अख्खी संस्था बोलत होती. शिवाय त्यांचा पत्रव्यवहार अफाट होता. पुढे त्या पत्रांचे खंड निघाले. हजारोंशी न बोलणारा हा माणूस मोजक्यांशी भरभरून बोलत होता.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. गप्प राहणं हे आधीच नाव झालेल्यांचं चैनीचं साधन आहे, असं कुणी म्हणेल. फेल्टोविच, हार्बो आणि टो या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली याला गणिती रूप दिलं. मधल्या दर्जाच्या माणसाला आपण खालच्यांतले नाही हे दाखवावं लागतं, म्हणून तो पदव्या फडकवतो. वरच्या दर्जाच्या माणसाविषयी इतर मार्गांनी माहिती पोचलेली असते, म्हणून तो काहीच फडकवत नाही, आणि ते न फडकवणंच त्याची खूण होते. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पुणेरी पाटी याच जातीची. दुकानाबाहेर रांग असेल तर ती ऐट वाटते. रांग नसेल तर तीच पाटी केविलवाणी दिसते. हे मला मान्य आहे. फक्त त्यातली ‘इतर मार्गांनी पोचलेली माहिती’ ही अट नीट वाचावी. ती माहिती आभाळातून पडत नाही. नवख्या माणसाची चूक गप्प राहण्यात नसते. साक्षीदार जमवण्याआधीच तो गप्प बसतो, तिथे त्याचं चुकतं.

दुसरा आक्षेप त्याहून जड आहे. साक्षीदार कुणाला मिळतात? जाहिरातबंदीच्या वकिलीत पक्षकार येतो तो ओळखीतून, आणि ओळख येते घराण्यातून, जातीतून, कोणाच्या चेंबरमध्ये उमेदवारी केली त्यातून. वाजवी आकाराच्या पाटीमागे आजोबांपासूनची वकिली असेल तर ती पुरते. पहिल्याच पिढीतल्या वकिलाला ती फक्त झाकते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली बेट्स खटल्यात वकिलांच्या जाहिरातीवरची सरसकट बंदी मोडली, ती सामान्य माणसाला माहिती मिळण्याच्या हक्काकडे पाहूनच. आणि इतक्या दूर कशाला जायचं? डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा त्याची साधी जाहिरात ‘केसरी’नं पैसे देऊनही छापली नाही. ज्यांची साक्ष घ्यायलाच कोर्ट तयार नाही, त्यांना ‘शांत राहा, काम बोलेल’ असं सांगणं म्हणजे गप्प बसवण्याचीच सभ्य तऱ्हा. पत्राच्या नावातला ‘मूक’ हा शब्द त्या सक्तीच्या शांततेचा आहे, केसरबाईंच्या निवडलेल्या शांततेचा नव्हे. दोहोंना एकच गुण समजण्याची गफलत आपला सुशिक्षित वर्ग फार सहज करतो. ‘सत्यकथे’च्या बाबतीतही हेच घडलं. जी. एं.च्या पाठीशी उभी राहणारी तीच संस्था लघुनियतकालिकांच्या पिढीला बंद दार वाटली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी तिचा अंक जाळला.

या आक्षेपापुढे माझा मुद्दा थोडा मागे सरकतो, हे कबूल करतो. साक्षीची व्यवस्था पक्षपाती असेल तेव्हा ओरडणं हाच न्याय्य मार्ग असतो. पण ‘मूकनायक’ पुन्हा पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. बाबासाहेबांनी त्यातून स्वतःचं नाव पुढे केलं नाही. संपादक म्हणूनही तिथे दुसऱ्याचं नाव होतं. ज्यांना व्यासपीठ नव्हतं त्यांच्यासाठी त्यांनी व्यासपीठ बांधलं, म्हणजे एका परीनं नवे साक्षीदार उभे केले. लघुनियतकालिकवाल्यांनीही अंक जाळण्यावर काम संपवलं नाही, सायक्लोस्टाइल करून स्वतःचे अंक काढले, एकमेकांचं वाचलं, एकमेकांवर लिहिलं. जुने साक्षीदार कामाचे नसतील तर नवे तयार करावे लागतात, आणि ते काम एकट्याच्या ढोलानं होत नाही.

राहता राहिला आजचा समाजमाध्यमांचा पडदा. तिथे गप्प माणूस दिसतच नाही, हे खरं. पण तिथला आकडा साक्ष देत नाही, फक्त मोजतो. आणि मोजमाप विकत मिळतं. खोट्या अभिप्रायांचा सुळसुळाट इतका झाला, की २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोला ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढावं लागलं. हेल्मेटला आणि प्रेशर कुकरला मानक असतं तसं आता कौतुकालाही! अशा बाजारात मोठ्यानं बोलणाऱ्याचा आवाज गर्दीत जातो, आणि ज्याला काम तपासता येतं अशा एका माणसाच्या शब्दाची किंमत वाढते. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमाननं २००२च्या नोव्हेंबरात प्वाँकारे अनुमानाकडे नेणारा पहिला निबंध कुठल्या नियतकालिकाला न पाठवता सरळ आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर ठेवला आणि मोजक्या गणितज्ञांना ईमेलनं कळवलं. ती सिद्धता तपासायला जाणकारांना काही वर्षं लागली. २००६ साली त्यानं फील्ड्स पदक नाकारलं आणि २०१० साली त्याच सिद्धतेसाठीचं दहा लाख डॉलरचं बक्षीस नाकारलं, याच्या गोष्टी जगभर झाल्या. पण नाव झालं ते त्या ईमेलमुळे आणि तपासणाऱ्यांमुळे. निबंध खणात ठेवला असता तर नाकारायला पदकच आलं नसतं. नांदेडला बसून भाषांतर करणारी मुलगी असो, नाहीतर नवा वास्तुरचनाकार, त्यांना दहा हजार अनुयायांची गरज नाही. त्यांचं काम ज्यांना कळतं अशा दहांपर्यंत ते पूर्ण, तपासता येईल असं पोचायला हवं, आणि त्या दहांत आपल्याच गोतावळ्याबाहेरचे निम्मे तरी हवेत.

व्हॉयेजरसाठी केसरबाईंचं नाव ठरलं तेव्हा ‘जात कहाँ हो’ची तबकडी बाजारातून केव्हाच गेलेली होती. यानांबरोबरचं संगीत जमवणाऱ्या चमूतल्या ॲन ड्रुयान ती शोधत हिंडल्या, आणि शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, विजेची उपकरणं विकली जात तिथे, एका खोक्यात तिच्या काही प्रती सापडल्या.