एकतीस नोव्हेंबरचा अभ्यास

बस. चहा नंतर. आधी या वहीचं बघू. मुलं अंगणात आहेत तोवर बोलून घेते, त्यांच्यादेखत तुला बोलायचं नाहीये मला.

३१ नोव्हेंबर. विज्ञान दीड तास, गणित दोन तास, वाचन एक तास. नोव्हेंबरला दिवस किती असतात गं? मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजायला पाचवीत मीच शिकवलं होतं तुला. हसू नकोस. जुलैपासून मेपर्यंत एकच जेलपेन, एकच अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मुलांच्या घरातल्या वहीला अख्ख्या वर्षात एक तेलकट बोट लागलं नाही? विस्तार अधिकारी येणार म्हटलं की आदल्या रात्री जागून वर्षभराची टाचणं काढणारे शिक्षक मी स्टाफरूममध्ये पाहिलेत. त्यांच्या टाचणवह्या अशाच देखण्या असायच्या. आणि १३ जानेवारीला दोघंही तापानं फणफणली होती, कपाळावर पट्ट्या ठेवलेला फोटो तूच पाठवलास मला. वहीत त्या दिवशी साडेपाच तास अभ्यास!

‘कोण बघतंय, बाई’ म्हणालीस मघाशी. खरंय, अमेरिकेत तुमच्या मिसूरीत घरी शिकवणाऱ्यांना वही दरवर्षी कुठल्या कचेरीत नेऊन दाखवावी लागत नाही. पण उद्या कुणी तक्रार केली की या घरात मुलांच्या शिक्षणाची हेळसांड होतेय, तर प्रकरण सरकारी वकिलापर्यंत जाऊ शकतं. तिथे रोजची नोंद हाच तुझा बचाव, तुमच्या कायद्यातच तसं लिहिलंय. त्या वकिलाच्या नजरेला ही एकतीस तारीख पडली, तर तुझ्या खऱ्या दिवसांवर तरी तो कशाला विश्वास ठेवेल?

नियम तुला तोंडपाठ आहेत, तरी म्हणते. १ जुलै ते ३० जून या वर्षात १००० तास. त्यांतले निदान ६०० वाचन, भाषा, गणित, समाजशास्त्र आणि विज्ञान या पाच विषयांचे. त्या ६०० पैकी निदान ४०० तास घरी, म्हणजे जिथे तुमची रोजची शाळा भरते तिथे. आणि शिकवणं मुलाच्या वयाला, कुवतीला साजेसं हवं. नदीपलीकडे इलिनॉयमध्ये तासांचा असा हिशेब मागत नाहीत, पण तू सेंट लुईसला राहतेस. घड्याळाच्या जाचातून सुटायला मुलांना शाळेतून काढलं म्हणतेस. जाच कसला? हजार तास ३६५ दिवसांवर पसरले तर दिवसाला पावणेतीन तासही पडत नाहीत. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला २२० दिवसांत हजार तासच सांगितलेत, पहिली ते पाचवीला २०० दिवसांत आठशे. इथे भरलेल्या वर्गात त्यातला कितीतरी वेळ हजेरी घेण्यात, वह्या वाटण्यात आणि ‘गप्प बसा’ म्हणण्यात जातो. तुझ्यासमोर दोनच मुलं आहेत. त्यांना शिकवून तास कमी पडतात, असं मला सांगू नकोस.

तास कमी नाहीतच तुझ्याकडे. तू ते पाहत नाहीस, हा माझा राग आहे. पान उलट. ‘पोळ्या, गणित २ तास.’ धाकटीनं दोन तास लाटणं फिरवलं, त्यात गणिताची पाच मिनिटं तरी होती का? कणीक किती माणसांना किती लागेल असं विचारलंस तिला? नाही विचारलंस. मग तो स्वयंपाक. चांगलं काम आहे, हजारातल्या मोकळ्या चारशेत खुशाल धर, गणितात कोंबू नकोस.

आणि जे गणित होतं ते कुठेय? काल थोरला मला तासभर त्या गेटवे कमानीचं सांगत होता. त्याला ती रुंदीपेक्षा उंच वाटली, बाप म्हणाला दोन्ही सारखंच. पोरानं विश्वास ठेवला नाही, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत पावलं मोजत गेला. घरी येऊन पावलांचे फूट केले, आकडा सहाशेच्या पुढे गेला. मग पुस्तकात शोधलं तर उंची ६३० फूट, रुंदी ६३० फूट. पुढे तुझी सोन्याची साखळी दोन हातांत लोंबती धरून जमिनीवर ठेवलेल्या आरशात उलटी पाहत बसला, कारण कमानीचा आकार तसल्या लोंबत्या साखळीवरून घेतलाय असं त्यानं वाचलं होतं. मोजमाप, एककं, वक्ररेषा, बांधकाम! कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून केलं. ज्या शनिवारी हे झालं, त्या दिवशी तुझ्या वहीत काय आहे? ‘सुट्टी.’

बोल ना आता.

धाकटीचं तर मला रात्री झोपेपर्यंत टोचत होतं. फेब्रुवारीत सलग तीन आठवडे ‘अपूर्णांक, झाले’ लिहिलंयस. मी तिला सहज विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? ती म्हणाली, एक चतुर्थांश, कारण चार मोठे. नऊ वर्षांची आहे, चुकणारच, त्याचं काही नाही. पण तीन आठवडे शेजारी बसून तुला ते कळलं नाही. त्याच दिवशी, तिथेच बसून ‘छेद मोठा तर भाग मोठा समजते’ एवढी एक ओळ लिहिली असतीस, तर दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते तुला वहीनंच सांगितलं असतं. तू मे महिन्यात बसून फेब्रुवारी लिहिलास. मेमध्ये फेब्रुवारीतलं फक्त ‘झाले’ एवढंच आठवतं.

आता ऐक कसं करायचं ते. तक्ते, रंगीत पेनं, स्टिकर, ॲप, काही आणायचं नाही. दोनशे पानी वही, प्रत्येक मुलाची वेगळी. सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता, विषय, घरी की बाहेर, काय केलं आणि कुठे अडलं. अडलं नसेल तर ते घर रिकामं सोड, खोटं भरू नकोस. पुस्तक मिटायच्या आधी लिहायचं, रात्री नाही, रविवारी तर नाहीच. थोरला बारा वर्षांचा घोडा झालाय, त्याची वही त्यालाच लिहू दे, तू वाचून सही कर. आजारी पडली तर ‘आजारी’ लिही. कंटाळा आला, काहीच झालं नाही, तर तसंच लिही. कोऱ्या दिवसानं कुणाचं काही बिघडत नाही.

कामाचे नमुने जपायचे असतात, तर त्या फायलीत नुसती शंभर नंबरी पानं लावून ठेवलीस. सप्टेंबरचं चुकलेलं पान नसेल तर मार्चचं बरोबर पान काय सांगणार? चुकांची पानं तारीख घालून ठेव. कुठे टाकलीस ती? रद्दीत? वाटलंच.

या वर्षाचे जे दिवस तुला खरोखर आठवतात, फोटो आहेत, तिकिटं आहेत, वाचनालयाच्या पुस्तकांच्या तारखा आहेत, तेवढेच नव्या वहीत उतरव आणि वर स्पष्ट लिही की हे मागाहून लिहिलंय. बाकीचं सोडून दे. हजार भरले नाहीत तर जून संपायला अजून तीन आठवडे आहेत, शिकवायला लाग.

जा, धाकटीला आत पाठव, आणि येताना माझ्या कपाटातून कोरी वही आण. भाकरीचे तुकडे करून तिला तिसरा हिस्सा नि चौथा हिस्सा दाखवते. तू समोर बसून लिही, मी किती वाजता सुरू केलं, कुठे थांबले, तिला काय अडलं. ठिकाण ‘घराबाहेर’ लिही. हे तुझ्या घरच्या चारशेत धरायचं नाही.