सेवेचा पगार

आमच्या देवघरातली दत्तमहाराजांची तसबीर आजोबांच्या वेळची. मागे गाय, पायाशी चार श्वान. गाय म्हणजे पृथ्वी, श्वान म्हणजे चार वेद, हे लहानपणीच पाठ झालेले. पण लेकीने पशुवैद्यकाची साडेपाच वर्षे पुरी करून जखमी भटक्या जनावरांच्या केंद्रात नोकरी धरली, तेव्हा मीच म्हणालो, "अगं, मुक्या जिवांची सेवा रविवारी कर की! सेवेचा कुणी पगार घेतं का?" ती काही बोलली नाही.

गेल्या मार्गशीर्षात गुरुवारच्या आरतीनंतर देवळाबाहेर एका कुत्रीला मोटारीने उडवले. आम्ही दहा-बाराजण जमलो. कुणी पाणी पाजू लागले, कुणी पेढा पुढे केला. मी हळद लावायला वाकलो, तर ती मलाच चावली. लेकीला फोन केला. तिने आधी मला नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुवायला लावला. मग पट्टीने कुत्रीचे तोंड बांधले, अंगावर चादर टाकली, अलगद फळीवर घेतले. "बाबा, वेदनेत घरचं कुत्रंसुद्धा चावतं. आणि पाणी पाजू नका, भूल द्यावी लागेल." एक पाय काढावा लागला, पण कुत्री वाचली. माझी रेबीजची इंजेक्शने त्याच रात्री सुरू झाली.

दया आम्हा सगळ्यांनाच आली होती, आणि ती खोटी नव्हती. पण थोड्या वेळाने आम्ही जेवायला घरी गेलो. रात्रभर सलाईनपाशी बसली ती पगारी माणसे. त्यांनाही घर आहे, चूल आहे. गुरुजींना दक्षिणा दिली म्हणून पूजा बाटली, असे आपण कधी म्हणतो का?

पगारापायी मन कोरडे पडेल, ही भीती मात्र खोटी नाही. म्हणून मी लेकीकडे बघत असतो. एखादा जीव वाचण्यापलीकडे गेला आणि त्याला कायमचे झोपवावे लागले, की त्या रात्री ती जेवत नाही, ओसरीवर बसून राहते. पगार घेऊनही तिच्यातला ओलावा गेलेला नाही. माझी भूतदया मात्र आजवर शिळ्या पोळीपुढे गेली नव्हती.

भागवतात अवधूताने कबुतर, अजगर, हरिण, मासा यांनाही गुरू मानले आहे. गुरूंची शुश्रूषा करणाऱ्याने उपाशी राहावे, हा हट्ट आता मी सोडला. यंदा दत्तजयंतीच्या दानात त्या केंद्रासाठी वेगळे पाकीट काढले आहे. वर लिहिले आहे, 'सांभाळणाऱ्यांच्या पगारासाठी'.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!