आठवडाभर काय पाहावे?

दिवाळी अंक हाती आला की तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आधी अनुक्रमणिका उघडायची, ओळखीच्या नावापाशी थांबायचे, कथा दुपारसाठी आणि वैचारिक लेख 'सावकाश वाचू' म्हणून ठेवून द्यायचे. (माझ्या या लेखाचीही तीच गत होणार, हे मी जाणून आहे.) काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत हा क्रम चालत आला आहे. अंक एक आणि वाचणारे पाच असले म्हणजे त्याची वाटणीही होते. या निवडीत आणि वाटणीत काही नीतीचा प्रश्न दडलेला असेल अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. मला ती आली, आणि ती आली एका इंग्रजी साप्ताहिकामुळे.

त्या साप्ताहिकाचे नाव 'रेडिओ टाइम्स'. वर्तमानपत्रांनी नभोवाणीचे कार्यक्रम फुकट छापायला कुरकुर केली, तेव्हा बीबीसीने स्वतःचेच पत्र काढले. त्याचा पहिला अंक २८ सप्टेंबर १९२३ चा. पुढे दूरदर्शन आले, पण नाव तेच राहिले. शनिवारपासून शुक्रवारपर्यंत कोणत्या वेळी काय दाखवणार, हे त्यात आगाऊ छापलेले असते. नाताळचा अंक दोन आठवड्यांचा, जाडजूड असतो, आणि १९८८ सालच्या नाताळ अंकाच्या तर एक कोटी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. इंग्रज माणसाचा दिवाळी अंक तो हाच, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गंमत अशी की १ मार्च १९९१ पर्यंत त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असत. व्यापारी वाहिन्यांचा आठवडा हवा असेल तर 'टीव्ही टाइम्स' हे दुसरे पत्र विकत घ्यावे लागे. म्हणजे काय पाहावे हे ठरवण्यासाठी आधी कोणते पत्र घ्यावे हे ठरवायचे!

१९९० च्या हिवाळ्यात मी दोन महिने लंडनच्या वायव्येला हॅरो येथे माझ्या भाच्याकडे राहिलो. माझी थोरली बहीण त्या वेळी तेथेच होती. ती आर्वीला दिलेली. यजमान गेल्यावर मुलाने तिला आपल्याकडे नेले होते. भाचा आणि सूनबाई दोघेही सकाळी आठला घर सोडीत, सात वर्षांचा नातू शाळेत जाई, आणि साडेतीनपर्यंत ताई घरात एकटी. घरात दूरदर्शन संच होता, पण संध्याकाळी सहाच्या आत तो लावायचा नाही असा दंडक होता. आजीने दुपारी लावला की शाळेतून आलेला मुलगा त्याच्यासमोर बसणार, आणि एकदा बसला की उठणार नाही, हे त्याचे कारण. दंडक घालणारा भाचा काही निष्ठुर नव्हता. आमचे वडील वर्ध्यात खादीच्या कामात आयुष्य घालवलेले. त्यांच्या मांडीवर वाढलेला हा मुलगा. 'इंद्रियांना सवड दिली की ती मालक होतात' हे त्याने आजोबांकडून ऐकले होते, आणि सातासमुद्रापार आपल्या मुलाच्या बाबतीत तो ते पाळीत होता. खरे तर कौतुकच करायचे.

पण ताई एके दिवशी मला म्हणाली, "अरे भाऊ, दिवसभर घरात कोणी बोलत नाही. तो डबा तरी बोलते. काय बोलते ते मले नाही समजत, पण माणसाचा आवाज त आहे ना!"

या एका वाक्याने मला जे कोडे घातले ते अजून पुरते सुटलेले नाही. मुलाचे हित खरे, आणि आजीचे एकटेपणही खरे. संच एकच. आता कोणाचा दंडक कोणी सोसायचा?

असा प्रश्न पडणारे आम्हीच पहिले नव्हतो. इंग्लंडात एके काळी सरकारनेच संध्याकाळी सहा ते सात हा तास दूरदर्शनला बंद ठेवला होता. आयांना लहान मुले निजवता यावीत, मोठ्यांना अभ्यासाला बसवता यावे, हा हेतू. त्या तासाला लोक गमतीने 'बालकांचा युद्धविराम' म्हणत. १९५५ च्या सप्टेंबरात जाहिरातींवर चालणारी वाहिनी सुरू झाली आणि तिला हा तास परवडेना. तेव्हाचे पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल यांनाही मुलांना निजवणे हे आईबापांचे काम आहे, सरकारचे नाही, असे वाटत होते. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी तो तास उघडला. वाद झाला तो सरकार, व्यापार आणि आईबाप यांच्यात. ज्यांच्या घरी निजवायला मूल नव्हते, संध्याकाळी सहा वाजता अंधारून आल्यावर ज्यांना कोणाचा तरी आवाज हवा होता, अशा म्हाताऱ्यांच्या बाजूने कोणी काही बोलले की नाही कोण जाणे. हॅरोतल्या त्या घरात तोच युद्धविराम तेहेतीस वर्षांनी चालू होता आणि ताई त्यातली बिनलढाईची जखमी होती.

भाच्याची बाजू मांडायची तर आपल्या सेवाग्रामकडे यावे लागते. योगायोग पाहा. १९३६ च्या एप्रिल अखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच शेगावचे पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. आणि त्याच १९३६ च्या २ नोव्हेंबरला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित दूरदर्शन सुरू झाले. एकीकडे मातीच्या भिंतींची कुटी, दुसरीकडे घराघरांत चित्र पोचवणारा मनोरा. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हे एक व्रत आहे. जिभेला रुचते म्हणून खायचे नाही, देहाला हवे तेवढेच खायचे. जिभेला जो नियम तो डोळ्यांना का नसावा? भाच्याचा प्रश्न हाच होता आणि तो खोटा म्हणता येत नाही.

परंतु सेवाग्रामला गेलेल्यांनी तेथे एक टेलिफोनही पाहिला असेल. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. यंत्र आले म्हणून कुटी बाटली नाही. तसेच नभोवाणीचे. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रात गांधीजी एकदाच गेले. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी, कुरुक्षेत्राच्या छावणीतील निर्वासितांशी बोलायला. त्यांना तेथे जाता आले नाही म्हणून आवाज पाठवला. घरदार सुटलेल्या माणसांना माणसाचा आवाज हवा असतो, हे त्या दिवशी त्यांनी मानले. मग आर्वी सुटलेल्या ताईचे मागणे त्याहून वेगळे होते काय?

मला वाटते, व्रताचे आणि दंडकाचे अंतर येथे आहे. अस्वाद मी माझ्या ताटापुरता पाळला तर ते व्रत. शेजारच्या ताटातली चटणी उचलली तर ती केवळ दांडगाई, मग हेतू कितीही पवित्र असो. पाळणाऱ्याने स्वतः स्वीकारले नाही ते व्रतच नव्हे. लहान मुलाच्या बाबतीत आईबाप त्याच्या वतीने स्वीकारतात, ते क्षम्य आहे. सत्तरीच्या आईच्या वतीने मुलाने स्वीकारायचे म्हणजे तिला पुन्हा मूल करायचे.

बीबीसीचे पहिले सूत्रधार जॉन रीथ यांनी सगळ्या देशाच्या बाबतीत थोडेफार हेच केले. लोकांना काय आवडते यापेक्षा त्यांना काय द्यायला हवे ते आपण द्यावे, अशी त्यांची धारणा. त्यांच्यावर आढ्यतेचा आरोप झाला आणि तो अगदीच निराधार नव्हता. उलट बाजूचे लोक म्हणू लागले, 'लोकांना जे हवे ते द्या, ही खरी लोकशाही.' १९६२ साली पिल्किंग्टन समितीने आपल्या अहवालात या दुसऱ्या म्हणण्यावर जे बोट ठेवले ते मला फार मार्मिक वाटते. समितीचे म्हणणे असे की लोकांना काय हवे ते आपल्याला ठाऊक आहे, असे म्हणणाराही तेवढाच आढ्यताखोर. कारण तो 'लोक' म्हणजे एक गठ्ठा समजतो. गठ्ठ्यातल्या एकेका माणसाची जी निरनिराळी आवड, ती त्याच्या हिशेबात येतच नाही.

आमच्या ताईची आवड अशी कोणाच्याच हिशेबात न येणारी होती. तिला स्नूकर आवडे! हिरव्या मेजावर रंगीत चेंडू, एक माणूस वाकून नेम धरतो, दुसरा खुर्चीत मुकाट बसून पाहतो. भाषेचे कामच नाही. शुक्रवारी बागकामाचा कार्यक्रम असे तो तिच्या जिवाचा. आर्वी-कारंजाकडच्या संत्र्याच्या बागांत वावरलेली बाई. कलम कसे बांधतात ते इंग्रजाकडून शिकण्याची तिला गरज नव्हती, पण तो चुकतो कुठे हे पाहण्यात तिला रस होता. त्याच वर्षी बीबीसीने आपल्या दुसऱ्या वाहिनीवर चोप्रांचे 'महाभारत' दाखवले, खाली इंग्रजी अक्षरे टाकून. आम्हाला वाटले ताई हरखेल. ती म्हणाली, "आर्वीला पाह्यलं मी ते. गल्लीभर माणसं होती तवा."

हे 'गल्लीभर माणसं' मला ठाऊक होते. मुंबईला दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, पण वर्धा जिल्ह्यातल्या गल्लीबोळांत ते शिरले १९८२ नंतर. त्या वर्षी १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, विनोबांनी पवनारला अन्न, पाणी आणि औषध सोडून देह ठेवला, आणि चारच दिवसांनी दिल्लीत आशियाई खेळ सुरू झाले, ज्यांच्या निमित्ताने देशात रंगीत चित्रे पसरली. पुढे १९८७ च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण'. गल्लीत संच एक, वाहिनी एक, पाहणारे पन्नास. तेथे निवड नव्हती. पण शेजारणीला पुढे बसू द्यायचे की नाही, दाराशी उभ्या असलेल्या कोणाला आत बोलवायचे की नाही, एवढे तरी घरधनी ठरवीत होता, आणि त्यातच त्याची परीक्षा होई.

हॅरोतले कोडे सूनबाईने थोडे सैल केले. गुरुवारी रात्री जेवणानंतर 'रेडिओ टाइम्स' टेबलावर ठेवायचा, प्रत्येकाने पेन्सिलीने आपापल्या खुणा करायच्या, आणि पहिली पेन्सिल ताईच्या हाती. ताईला इंग्रजी वाचता येत नव्हते. म्हणून नातवाने तिला वाचून दाखवायचे, मोडक्यातोडक्या मराठीत. तो लबाड आपल्या कार्टूनांचे वर्णन लांबवी आणि बाकीचे गिळून टाकी. ताईला ते कळत असे. तरीही ती त्यातल्या एखाद्यावर खूण करी. भाचा म्हणाला, "आई, हे तुझं नाही." ताई म्हणाली, "माझीच हाये ते खूण."

मी पुष्कळदा विचार केला आहे की ही पेन्सिल त्या दंडकापेक्षा चांगली का? संयम दोन्हींत आहे. पण दंडकात एकाची इच्छा कागदावर येते आणि बाकीच्यांची मनात राहते. पेन्सिलीने सगळ्यांच्या इच्छा एकाच पानावर येतात. दोन खुणा एकाच वेळेवर पडल्या की कोणाला तरी आपली खोडावी लागते, आणि आपण काय सोडले हे त्याला दिसते, घरच्यांनाही दिसते. कोणाच्या खुणा वरचेवर खोडल्या जातात हेही लपत नाही. आठ दिवस आधी ठरवण्याचा फायदा माझ्या मते वेळ वाचण्यात नाही. रिमोट हातात असताना माणूस जितका हट्टी असतो तितका तो गुरुवारी शनिवारच्या बाबतीत नसतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. आगाऊ ठरवले की अवचित भेटणारे हुकते. १९४८ साली नागपूरला नभोवाणी केंद्र निघाले. त्यानंतरच्या काळात आमच्या शेजारच्या रेडिओवरून भिंतीआडून काय काय कानांवर पडले! त्यातले एकही मी निवडले नसते. ख्याल मला कळत नव्हता, तो ऐकता ऐकता कळू लागला. खुणा केलेल्या पानात अशा पाहुण्याला जागा नसते. तेव्हा आठवड्यातली एखादी संध्याकाळ कोरी सोडावी, एवढेच मी म्हणेन.

आणि ताईची दुपार? ती पेन्सिलीनेही सुटली नाही. सहाच्या आतला दंडक तसाच राहिला, फक्त शाळेचे दिवस असतील तेव्हा दोन ते तीन असा एक तास तिला मिळाला. तो ती स्नूकर असेल तर स्नूकर, नसेल तर जे असेल त्याला देई. १९९२ साली ती आर्वीला परतली. शेवटपर्यंत तेथेच राहिली. तेथे वीज जायची, आणि गेली की ती ओसरीवर येऊन बसायची.

आता 'रेडिओ टाइम्स' आहे, पण पेन्सिली फारशा चालत नसाव्यात. २००७ च्या नाताळात बीबीसीने संगणकावर हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा पाहण्याची सोय केली, आणि आज तर वर्ध्यातल्या आमच्या घरातही चार माणसे चार खोल्यांत चार पडद्यांपुढे असतात. भांडण नाही, खोडाखोड नाही. एक संपले की पुढचे यंत्रच सुरू करते. माणसाने आजवर काय पाहिले त्यावरून ते ठरवते. रीथना निदान लोकांचे भले करायचे होते. त्यात मग्रुरी होती, पण भले कशात याचा काही विचारही होता. या नव्या सूत्रधाराला फक्त आपण उठू नये एवढेच हवे असते. पिल्किंग्टन समितीने ज्या गठ्ठ्याची तक्रार केली होती तो आता सुटला, एकेक माणूस वेगळा मोजला गेला, हे खरे. पण तो मोजला गेला तो कालच्या आवडीवर. बागकाम पाहणाऱ्या बाईला ते यंत्र जन्मभर बागकामच दाखवील. नातवासाठी तिने कार्टूनावर केलेली खूणही ते तिचीच आवड म्हणून लिहून ठेवील, आणि तेवढ्यापुरते ते ताईच्याच बाजूचे ठरेल.

भाच्याशी मागच्या महिन्यात फोनवर बोललो. आता तो सेवानिवृत्त आहे, सूनबाई अजून कामाला जाते, मुलगा दुसऱ्या गावी. दुपारी फोन केला तेव्हा मागे कोणीतरी सारखे इंग्रजीत बोलत होते. पाहुणे आले आहेत का, म्हणून मी विचारले. "नाही मामा," तो म्हणाला, "टीव्ही चालू आहे. मी पाहत नाहीये, असाच लावलाय." मग त्याने आवाज थोडा कमी केला आणि आम्ही यंदाच्या संत्र्याच्या बहाराविषयी बोललो.