लेकरांचा धागा

आपल्या गोंदिया जिल्ह्यात आंब्याच्या झाडावर तांबड्या मुंग्यांचे पानांचे घर तुम्ही पाहिलेच असेल. हात लावू नका, कडकडून चावतात! दुरून मात्र अवश्य पाहा.

एकट्या मुंगीच्याने पान वाकत नाही. म्हणून त्या एकमेकींची कंबर धरून साखळी करितात व दोन पानांच्या कडा जवळ ओढितात. पण त्या शिवावयाच्या कशाने? मोठ्या मुंग्यांपाशी धागाच नाही. तो आहे त्यांच्या अळ्यांपाशी, म्हणजे घरातील तान्ह्या लेकरांपाशी. ज्यांना पाय नाहीत, डोळे नाहीत, अशा अळ्यांना मोठ्या मुंग्या तोंडात अलगद धरून ह्या कडेवरून त्या कडेवर फिरवितात. अळीच्या तोंडातून रेशमी तंतू निघतो व पाने जोडली जातात. इतर पुष्कळ मुंग्यांच्या अळ्या तो तंतू आपल्या कोशासाठी वेचितात. ह्या तो सर्वांच्या घराला देतात.

शलमोनाने आळशाला मुंगीकडे पाठविले. मी आज वडील मंडळींनाही पाठवितो. बंधूंनो, भांडण आपण मोठ्यांनी करावे व लेकरांनाही शेजारच्या अंगणात जाऊ देऊ नये, असे कित्येक घरी चालते. मग फाटलेली मंडळी शिवणार कोण?

मुलांनो, ज्या घराशी तुमचे घर बोलत नाही, तेथील सोबत्याला आज प्रेमाने हाक मारा. वडीलहो, त्यांना अडवू नका. धागा त्यांच्यापाशी आहे.