गरी आणि दया

मासे मारणे हे पाप आहे काय, असा प्रश्न गोव्यातल्या माणसाला विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी तो आज वार कोणता हे आठवून पाहील. सोमवारी हा प्रश्न गंभीर असतो. मंगळवारी सकाळी नुस्तें विकणारी बाई टोपली घेऊन दारात उभी राहिली, की तो उरत नाही. एकादशी, संकष्टी, श्रावण, ग्रामदेवतेची जत्रा असे शिवराक दिवस मोजता मोजता वर्षाचा बराच मोठा भाग निघून जातो. परके लोक ह्याची थट्टा करतात. आम्हांस ती रुचत नाही. वर्षातले काही दिवस ज्याने आपल्या जिभेला आवर घातला, त्याने, नकळत का होईना, एवढे मान्य केलेले असते की उरलेल्या दिवशी ताटात जे येते ते कोणाच्या तरी जिवावर येते.

आमच्यापुढे हा प्रश्न वाराच्या आधाराने सुटण्यासारखा राहिला नाही, ह्याचे कारण आम्ही स्वतः गरवायला जातो. नियतकालिकांतून लेखक स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेतो ते प्रघात म्हणून. ह्या लेखातील 'आम्ही' मात्र अक्षरशः दोघांचे आहे. आम्ही पति-पत्नी, पेडणे महालातले, नोकरीतून मोकळे झालेले. दिवाळी ते शिगमा ह्या दिवसांत महिन्यातून एकदा तरी आम्ही दोन काठ्या घेऊन नदीवर जातो. खालील विचार दोघांचे आहेत; जेथे ते जुळत नाहीत तेथे तसे सांगू.

नदी आमची शापोरा. सह्याद्रीवरून ती तिळारी ह्या नावाने उतरते, दोडामार्ग ओलांडून डिचोली तालुक्यातल्या साळ गावाशी गोव्यात येते, इब्रामपूर, हसापूर, चांदेल ही पेडण्याची गावे उजव्या हाताला ठेवीत कोलवाळच्या पुलाखालून जाते आणि मोरजी व शापोरा ह्यांच्यामध्ये समुद्राला मिळते. आमची बसण्याची जागा पुलाच्या वरच्या अंगाला, पेडण्याच्या काठावर आहे. भरतीचे खारे पाणी तेथे गोड्या पाण्याच्या भेटीस येते आणि त्याच्याबरोबर मासेही येतात. गरीला सुंगटाचा तुकडा लावावा, नाहीतर कणकेची गोळी. दोर पाण्यात सोडावा आणि गप्प बसावे. दुपारी चपात्या आणि मिठातली तोरे. दिवसभरात हाती लागतात ती दोन-चार काळुंदरे, एखादा शेवटा, आणि फार क्वचित चोणक, ज्याला मुंबईकडे जिताडा म्हणतात. कित्येकदा काहीच लागत नाही, आणि येताना आम्ही बाजारातून बांगडे घेऊन येतो.

ह्या शेवटच्या वाक्यातच आमची अडचण आहे. बांगडे विकत मिळतात आणि ते घेण्याची आमची ऐपत आहे; मग गरी कशासाठी?

पहिले उत्तर आमच्यांतील गृहिणीचे. ती म्हणते की विकत घेतलेला मासाही कोणीतरी मारलेलाच असतो. स्वतः मारल्याने पाप वाढत नाही, फक्त ते दिसते. तिच्या बाजूस मोठा आधार आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या बाबतीत घातक कोण कोण ते मोजले आहेत: संमती देणारा, कापणारा, ठार करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. त्या स्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज आम्हांस मान्य नाहीत, परंतु ही यादी करणाऱ्याने कोणाला निसटू दिलेले नाही हे कबूल केले पाहिजे. टोपलीतल्या बांगड्यावरून घासाघीस करणारे आपण त्या यादीत आहोतच. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो, पण स्वतः प्राणी मारीत नाही आणि मांस खातही नाही. कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवणाऱ्या ह्या थोर पुरुषालाही मारणे आणि विकणे ह्यांत अंतर ठेवावेसे वाटले, आणि त्याच तोंडाने तो नांगराखाली चिरडणाऱ्या असंख्य जीवांची आठवण देतो. अंतराने हात स्वच्छ राहतात. यादीतले नाव पुसले जात नाही.

इथवर आमचे एकमत आहे. परंतु हे उत्तर मारण्याविषयी झाले, आनंदाविषयी नव्हे. खारवी जाळे टाकतो तो पोटासाठी. आम्हांस काठी घेऊन निघताना आदल्या रात्रीपासून जो उल्हास वाटतो, त्याचा पोटाशी संबंध नाही. एका जिवाच्या ओठात लोखंडी आकडा अडकावा ह्याची वाट पाहण्यात आनंद मानणे, हे शोभते काय?

इंग्लंडातल्या लोकांनी ह्यावर एक तोड काढली आहे. तेथे सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे. नदीतले बाकीचे सारे 'भरड' मासे. ही वर्गवारी माशांची की माणसांची, असा संशय यावा असेच ते नाव आहे. ह्या भरड माशांच्या शिकारीचा तेथे मोठा नाद आहे. नवराबायको डबा घेऊन सकाळी नदीवर जातात, दिवसभर मासे काढतात, ते पाण्यातच जाळीच्या लांब पिशवीत ठेवतात आणि संध्याकाळी वजन करून सगळे परत सोडून देतात. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ही बंदीही ते पाळतात, माशांच्या विणीचे दिवस म्हणून. आमच्यांतील गृहस्थांस ही रीत फार आवडली. आनंद मिळतो आणि जीवही वाचतो. ह्याहून निर्मळ करमणूक कोणती, असा त्यांचा प्रश्न.

गृहिणीने त्यावर एकच विचारले: "अहो, जे खायचेच नाही ते दुखवायचे कशाला?"

ह्या प्रश्नाला गृहस्थांजवळ अजून चांगले उत्तर नाही, हे त्यांच्याच संमतीने येथे लिहीत आहोत. माशाला दुखत नाही असे म्हणण्याची सोय पूर्वी होती. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये ट्राउट माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. इजा ओळखणारे मज्जातंतू त्यांना माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती सापडले. ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे बराच वेळ अन्नाकडे फिरकले नाहीत, आणि आम्ल टोचलेल्यांनी तळाच्या खड्यांवर ओठ घासले. ह्याला वेदना म्हणावे की नाही ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण ओठ घासणाऱ्या माशाकडे पाहून वाद घालीत बसणे आम्हांस जमणार नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या प्राणिरक्षण-नियमांत, परत सोडण्याच्या हेतूनेच मासे गळाला लावणे निषिद्ध ठरवले. तेथे खाण्यासाठी गळ टाकणारा निर्दोष, आणि दया करण्यासाठी टाकणारा दोषी! ऐकताना हे उफराटे वाटते. पण थोडे थांबून पाहिले की गृहिणीचा प्रश्नच तेथे कायदा होऊन बसला आहे असे दिसते. आधी जखम करून मग सोडून देणारा दयाळू कसा? मासा मुक्त झाला ह्यापेक्षा आपण मुक्त करणारे झालो, ह्याचेच त्याला समाधान अधिक.

येथे प्रश्न संपला असता, तर गेल्या माघातली एक गोष्ट घडली नसती. काठालगतच्या उथळ पाण्यात एक काळुंदर गरीला लागले. वर काढताना गृहिणीचे लक्ष खाली गेले. बुडालेल्या दगडाजवळ दुसरे काळुंदर होते, आणि त्याच्याभोवती मोहरीच्या दाण्यांएवढ्या पिलांचा ढग. हा मासा संसारी आहे हे आम्हांस ऐकून माहीत होते. नर आणि मादी मिळून पाण्यातल्या दगडाला अथवा लाकडाला अंडी चिकटवतात, परांनी त्यांना वारा घालतात, पिले बाहेर आली की दोन बाजूंनी दोघे राखण करतात. एक गेले की उघड्या पडलेल्या बाजूने इतर मासे पिलांवर तुटून पडतात. परंतु ऐकणे वेगळे. आमच्या हातात एक होते, आणि दुसरे पळून न जाता तेथेच फिरत होते. एरव्ही "लागले ते आपले" म्हणणाऱ्या गृहिणीनेच हात ओला करून गरी सोडवली आणि मासा पाण्यात ठेवला. तो दगडाकडे गेला की खोल पाण्यात, हे चिखल ढवळल्यामुळे दिसले नाही.

त्या दिवसापासून सोडून देण्याचे दोन प्रकार आम्ही वेगळे धरतो. एक सोडणे स्वतःच्या मनाला बरे वाटावे म्हणून. दुसरे, जे घेण्याचा आपला अधिकारच नव्हता ते परत करणे. पहिले दान आहे आणि त्यात दात्याचा डौल येतो. दुसरे देणे आहे. देणे फेडताना कोणी स्वतःला उदार म्हणवीत नाही.

अर्थात हे देणे ओळखायला नदीची माहिती लागते, नुसते कोवळे मन पुरत नाही. लहान मासा सोडावा, मोठा ठेवावा, हा नियम सर्वांना सुचतो आणि शहाणपणाचा वाटतो. पण चोणक हा मासा तरुणपणी नर असतो आणि पुढे, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे फुशारकीने छायाचित्र काढून घ्यावे असा जो मोठा चोणक, ती बहुधा आई असते. लहानावर दया करून मोठ्यावर सुरी चालवणाऱ्याने कोणाला वाचवले? निसर्गाने आपल्या भूतदयेची सोय पाहून मासे घडवलेले नाहीत.

राहता राहिला तो आनंद. आयझॅक वॉल्टन ह्या इंग्रज गृहस्थाने १६५३ मध्ये गळाच्या विद्येवर एक ग्रंथ लिहिला आणि चिंतनशील माणसाची करमणूक असे तिचे वर्णन केले. पुढे कवी बायरनने त्याच्यावर क्रौर्याचा आरोप करून त्याच्याच नरड्यात गळ अडकवावा अशी इच्छा व्यक्त केली. दोघेही खरे बोलत होते, असे आम्हांस वाटते. पाण्याकाठी चार तास बसल्यावर मन जसे स्वच्छ होते तसे देवळातही होत नाही. मग गरीशिवाय का बसू नये? आम्ही तसे बसून पाहिले. अर्ध्या तासात एकास विजेच्या बिलाची आठवण झाली आणि दुसरीस झोप आली. दोर पाण्यात असला की भरतीची पहिली चाहूल, बगळ्याची मान, समोरच्या काठाला पाणमांजराने काढलेली रेघ, सारे दिसते. हे अवधान आम्ही माशाच्या जिवाच्या मोलाने विकत घेतो. प्राचीन चीनमध्ये ज्यांग ताइगुंग म्हणून एक वृद्ध सरळ गळ टाकून, आमिषाविना, नदीवर बसत असे अशी कथा आहे. तिचा दाखला लोक निर्लोभपणासाठी देतात, पण शेवटी चौचा राजा वन त्या वाटेने आला आणि वृद्ध त्याचा मंत्री झाला. तो मासा गरवत नव्हता. राजा गरवत होता. गळ सरळ असला तरी दुसऱ्या टोकाला काहीतरी हवेच होते.

ह्या सगळ्या सूक्ष्म विचाराला एक विसंगती आहे आणि ती लपवून ठेवणे बरे नव्हे. आम्ही एका काळुंदराचा हिशोब मांडीत बसतो, आणि शेजारच्या डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांची माती कित्येक पावसाळे ओहोळांतून नद्यांत उतरत आली. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये मर्यादा घालून मोकळ्या केल्या, २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खोदकाम पुन्हा सुरू झाले. ह्या सर्व काळात लाल गाळाखाली जी अंडी गुदमरली त्यांचा घातक कोण? ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीच्या धरणाचे पाणी सुटून साळ, इब्रामपूर, चांदेल पाण्याखाली गेली, तेव्हा माणसांच्या हानीचे पंचनामे झाले. नदीचा पंचनामा कोण करणार? पाण्यात विष कालवणे अथवा सुरुंग उडवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य-कायद्यापासून गुन्हा आहे, म्हणजे तेथे निदान गुन्हेगार तरी कल्पिता येतो. गरीने मेलेल्या माशाला मारणारा असतो. गाळाने मेलेल्याला कोणीच नसतो. मनूच्या यादीत आठ जण आहेत, नववा त्यास सुचला नाही. परंतु मोठा अपराध बेवारशी आहे म्हणून आपला लहान अपराध निर्दोष ठरतो, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. गृहस्थांनी एकदा तसे म्हणून पाहिले. गृहिणीने काठी गुंडाळून ठेवली, आणि त्या दिवशी बोलणे तेथेच थांबले.

सध्या आमचा व्यवहार असा चालतो. संध्याकाळच्या हुमणाला पुरेल एवढेच मासे घ्यायचे. तेवढे लागले की सकाळचे दहा वाजलेले असले तरी गरी वर. जे काढले ते खायचे, काटे पुष्कळ म्हणून टाकायचे नाही. जोडीने फिरणारी काळुंदरे दिसली की जागा बदलायची. मोठा चोणक लागला तर काय करायचे ह्यावर मतभेद कायम आहेत. तसा अजून लागलेला नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. गरीवाल्याला ती लागू नाही. तरी पहिल्या पावसाबरोबर मासे ओढ्यांतून वर शेतांकडे चढू लागतात त्या दिवसांत आमच्या काठ्या माळ्यावर असतात, आणि स्वयंपाकघरात सुक्या बांगड्यांचा डबा उघडतो. ते बांगडेही कोणीतरी पकडलेलेच असतात, ह्याची आठवण डबा उघडताना दोघांपैकी एकजण करून देतो.