अवधान आणि अपराध

नामपल्लीच्या मैदानावर जानेवारीत भरणारी ‘नुमाइश’ हैदराबादेतील मराठी-कोंकणी कुटुंबांच्या परिचयाची आहे. १९३८ साली बाग-ए-आममध्ये सुरू झालेले हे प्रदर्शन १९४६ पासून येथे भरते. तेथे एखादे मूल आईचे बोट सोडून पाळण्याकडून फुग्यांकडे धावू लागले, तर आपण कौतुकाने हसतो. तेच मूल वर्गात खिडकीबाहेर पाहत बसले, वा देवळात कीर्तन चालू असता उठून घंटा वाजवू लागले, की कपाळाला आठी पडते. ‘लाडाने बिघडला’, ‘आईने वळण लावले नाही’, ‘मनात आणील तर सहज करील’, असे निवाडे मग दिले जातात. यांतील शेवटच्या निवाड्याचा येथे विचार करावा, असे आम्हांस वाटते. तो वरवर मुलाच्या बुद्धीचा गौरव करतो. वस्तुतः त्याच्या शीलावर ठपका ठेवतो.

ही दृष्टी केवळ आपल्याकडचीच नव्हे. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनीही या अवस्थेस नैतिक संयमाची उणीव म्हटले. पुढे शास्त्राची भाषा बदलली, आणि १९८० साली अमेरिकेतील मनोविकारांच्या वर्गीकरणात ‘अवधानाची न्यूनता’ असे नाव आले. मेंदूच्या वाढीशी निगडित आणि बहुतांशी आनुवंशिक अशी ही अवस्था आहे, असे आज मानले जाते.

तथापि प्रत्येक चंचल मुलाला हे नाव चिकटवणे हाही अन्यायच होय. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावीत, असा दंडक आहे. आमच्या शहरातील मूल घरी मराठी वा कोंकणी, गल्लीत तेलुगू व दखनी, आणि शाळेत बहुधा इंग्रजी ऐकते. शिक्षकांची भाषाच नीट कळत नसेल, तर लक्ष कोठे ठरणार? दृष्टी, श्रवण, झोप, मनातील भीती, हेही आधी तपासले पाहिजे. निदान वैद्याने करावे, शेजाऱ्याने नव्हे.

आता मुख्य आक्षेप. संक्रांतीला हाच मुलगा दोन-दोन तास पतंगावरून नजर काढीत नाही. मग गणिताच्या वेळीच त्याला काय होते? उत्तर असे, की आवडत्या गोष्टीकडे चित्त आपोआप जाते. जेथे ते आपोआप जात नाही तेथे त्यास नेणे आणि टिकवणे, ही शक्ती निराळी. आणि या मुलांत नेमकी तीच दुबळी असते. झाडावरच्या पक्ष्याचा केवळ डोळा पाहणारा अर्जुन आपल्याकडे एकाग्रतेचा आदर्श मानला जातो. पण तोच अर्जुन गीतेच्या सहाव्या अध्यायात, मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार करतो. भगवंत त्याला आळशी म्हणत नाहीत. मन चंचल आहे हे ते प्रथम मान्य करतात, आणि मग अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतात. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मान्यतेवाचून सांगितलेला उपाय मुलाला शिक्षेसारखाच वाटतो.

मग शिस्त सोडून द्यावी काय? मुळीच नाही. मुलावरचा दोष काढला म्हणजे कर्तव्य संपत नाही. ते आपल्याकडे येते. एका वेळी एकच सूचना द्यावी, कामाचे लहान तुकडे करावेत, दिनक्रम ठरलेला असावा, वर्गात जागा पुढे व खिडकीपासून दूर द्यावी, मधून उठण्याची मोकळीक असावी, आणि साधलेल्या गोष्टीची शाबासकी तत्काळ मिळावी. वैद्याने औषध सुचविले तर त्यात लाज नाही. मात्र औषधाने आपली जबाबदारीही टळत नाही.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. घरातील टोमण्यांना असा अटकाव नाही. तेथे विवेकच हवा. ‘तू वाईट आहेस’ हे रोज ऐकणारे मूल अखेरीस ते खरे मानू लागते, आणि ती हानी गुणपत्रिकेतील आकड्यांहून खोल असते. देवळात घंटेकडे धावणाऱ्या मुलाला रागावून बाहेर बसविण्यापेक्षा, आरतीच्या वेळी घंटा त्याच्याच हाती का देऊ नये? आपली पाळी येईपर्यंत थांबणे हाही त्याच्यासाठी अभ्यासच आहे.