धर्माच्या गाईचे दांत

“धर्माची गाय आणि दांत कां गे नाय” ही म्हण आपल्याकडे कृतघ्न मनुष्यास हिणविण्यासाठीं वापरतात. ज्यानें मोल दिलें नाहीं त्यानें वस्तूचे दोष काढूं नयेत, असा तिचा आशय. घरगुती व्यवहारांत हा शिष्टाचार ठीकच आहे; आहेराचें लुगडें उलटेंपालटें करून पाहणाऱ्या पाहुणीचें कोणी कौतुक करीत नाहीं. परंतु दान घेणारे एकदोन नसून कोट्यवधि असले, आणि त्यांचा पैसा, पत्रव्यवहार, गुपितें हीं सारीं त्या दानावरच विसंबून असलीं, तर दांत न मोजणें हा सद्गुण राहतो काय?

१९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें छंद म्हणून संगणकाच्या कार्यप्रणालीचा, म्हणजे यंत्राकडून सर्व कामें करवून घेणाऱ्या मूळ व्यवस्थेचा, गाभा लिहावयास घेतला. तोच लिनक्स. त्याचें मूळ लेखन कोणीहि वाचावें, बदलावें, वाटावें अशी मुभा आहे. आज अँड्रॉइड फोनच्या पोटांतहि तोच आहे. ज्या परवान्याखालीं तो दिला जातो त्यांत, कसलीहि हमी नाहीं, असें स्वच्छ लिहिलेलें असतें. कायद्याच्या दृष्टीनें तक्रारीस जागाच उरत नाहीं. तरीहि या गाभ्याभोवतीं उभ्या राहिलेल्या डेबियन नांवाच्या प्रणालीच्या स्वयंसेवकांनीं १९९७ सालीं एक करारपत्र मंजूर केलें आणि त्यांत, आम्ही दोष लपविणार नाहीं, तक्रारींची वही सर्वांस सदैव उघडी राहील, असें वचन दिलें. कायदा जो हक्क देत नाहीं तो या मंडळींनीं आपण होऊन कां दिला?

माझ्या मतें याचें कारण औदार्य नव्हे, गरज होय. लिहिणारापुढें एकदोन यंत्रें असतात. वापरणारांचीं यंत्रें हजार तऱ्हांचीं. दोष, ज्यास त्या धंद्यांतले लोक ‘बग’ म्हणतात, तो बहुधा प्रकट होतो दुसऱ्याच्या घरीं. सांगणारा नसेल तर लिहिणारा आंधळा. म्हणून दोष सांगणारा हा याचक राहत नाहीं, भागीदार होतो. मात्र या भागीदारीचें भांडवल म्हणजे नीट पाहण्याचे श्रम. “चालत नाहीं” एवढेंच कळविणारानें कांहींच कळविलेलें नसतें. आवृत्ति कोणती, कोणत्या क्रमानें काय केलें, काय व्हावें अशी अपेक्षा होती, झालें काय, पडद्यावर अक्षरशः कोणते शब्द आले, आणि पुन्हां तसेंच केल्यास पुन्हां तसेंच घडतें काय, इतकें सांगितलें म्हणजे ती तक्रार कामाची. सायमन टॅथम या इंग्रज प्रोग्रॅमरांनीं १९९९ सालीं या विषयावर एक निबंध लिहिला. त्याचा एक रोख असा कीं, आधीं लक्षणें सांगा, निदान सांगायचेंच तर मागून. वैद्यापुढें बसून “मला पित्त झालें आहे, औषध द्या” म्हणणारे रोगी आपण पाहतों; दुखतें कोठें, केव्हांपासून, असें विचारलें कीं ते रागावतात. आपल्या अनुमानास अनुभव समजणें ही सुशिक्षितांची खास खोड आहे.

आपल्या संतांनीं निंदकासहि उपकारकर्ता मानलें, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. पण निंदकाच्या बोलण्यांतून खरें तेवढें निवडण्याचे श्रम ऐकणारासच करावे लागतात.

इतकें जपूनहि सत्य निसटूं शकतें. २००६ सालीं डेबियनच्या एका स्वयंसेवकास, गुप्त संदेशांच्या किल्ल्या घडविणाऱ्या ओपनएसएसएल या साधनांतील दोन ओळींबद्दल एक तपासनीस प्रोग्रॅम कुरकुरत असल्याचें दिसलें. त्यानें गुपचूप कांहीं केलें नाहीं. त्या साधनाच्या कर्त्यांच्या मंडळींत विचारलें. दोष शोधण्याच्या सोयीसाठीं त्या ओळी काढाव्या काय, असा प्रश्नाचा रोख होता, आणि तेवढ्यापुरतें अनुकूल उत्तर आलें. ओळी गेल्या, त्यांबरोबर किल्ली कोणास ओळखूं येऊं नये म्हणून लागणारी अनियमितताहि जवळजवळ सर्व गेली. एका जातीच्या व एका लांबीच्या किल्ल्या जेथें मोजतां येऊं नयेत, तेथें त्या बत्तीस हजारांच्या आसपास उरल्या. चोरानें एकेक लावून पाहावी इतक्या. दीड वर्षाहून अधिक काळ हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. लेखन उघडें असलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें दोष टिकत नाहीं, असें म्हणणारांनीं हा काळ आठवावा. उघडें पुस्तक वाचलें जातेंच असें नाहीं. १३ मे २००८ रोजीं डेबियननें सारें जगजाहीर केलें. ठिकठिकाणीं किल्ल्या फेंकून नव्या कराव्या लागल्या, अब्रू गेली ती वेगळीच. १९९७ चें वचन त्या दिवशीं महाग पडलें, आणि तरी पाळलें गेलें.

ऐकणाराचीहि बाजू आहे. विनावेतन राबणाऱ्यावर प्रत्येक दोष दुरुस्त करण्याचें ऋण कोणी लादूं शकत नाहीं. “हें मला जमणार नाहीं” असें म्हणण्याचा त्यास हक्क आहे. दोष दडविण्याचा मात्र नाहीं, कारण दडविलेल्या दोषाची झळ दुसऱ्यास लागते. हा भेद तक्रार करणारे फार लवकर विसरतात.

एक्सझेड नांवाचें, माहिती आवळून लहान करणारें एक साधन लिनक्सवरील बहुतेक प्रणालींत असतें. तें वर्षानुवर्षें मुख्यतः एकच मनुष्य सांभाळीत होता. २०२२ सालीं कांहीं अनोळखी नांवांनीं त्याच्यामागें टुमणें लावलें: नव्या आवृत्तीस उशीर कां, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातीं कां देत नाहीं? हें बिनपगारी छंदाचें काम आहे, असें त्यानें सांगून पाहिलें. पुढें मदतीस तत्पर असलेल्या एकास त्यानें अधिकार दिले. आणि २०२४ च्या आरंभीं निघालेल्या दोन आवृत्त्यांत दुसऱ्याच्या यंत्रांत शिरण्याचा चोरदरवाजा निघाला. टुमणें लावणारीं नांवें कटांतलींच असावींत, असा जाणत्यांचा तर्क आहे. तो खरा धरला तर कटवाल्यांस मनुष्यस्वभाव उत्तम कळत होता. फुकट राबणाऱ्यास उर्मट मागणीदार इतके सर्रास भेटतात कीं, त्यांत चार खोटे मिसळले तरी ओळखूं येत नाहींत.

त्याच वर्षीं मार्चमध्यें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांस, डेबियनच्या अद्याप स्थिर न झालेल्या आवृत्तींत दुरून प्रवेश करतांना नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. “यंत्र मंद झालें” म्हणून त्यांनीं सोडून दिलें नाहीं, कोणावर खेंकसलेहि नाहींत. वेळ मोजला, तो कोठें जातो हें हुडकलें, आणि मागें मागें जात एक्सझेडपर्यंत पोंचले. २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं जें जाहीर केलें त्यांत काय पाहिलें तें होतें, आणि आपण सुरक्षाशास्त्राचे जाणते नाहीं, पुष्कळ भाग तपासलेला नाहीं, हेंहि होतें. प्रमुख प्रणालींच्या स्थिर आवृत्त्यांत तो दरवाजा पोंचण्यापूर्वींच बंद झाला. मे महिन्यांत शुद्ध केलेली नवी आवृत्ति निघाली. ती त्याच जुन्या सांभाळणारानें काढली.